डॅशबोर्डमागचं नव्वद अंशांचं पाणी

ताशी ६० किलोमीटर वेगानं चाललेली, लिटरला १५ किलोमीटर देणारी एखादी साधी पेट्रोल गाडी घ्या. तासाला ती ४ लिटर पेट्रोल पिते. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३३ मेगाज्यूल ऊर्जा असते. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं ३६ किलोवॅटच्या आसपास. आपल्या बाथरूममधला गिझर असतो २ किलोवॅटचा. म्हणजे बॉनेटखाली अठरा गिझर सतत चालू आहेत आणि त्यातल्या जेमतेम पाच-सहांची ताकद चाकांपर्यंत पोचते. उरलेल्यातली जवळपास निम्मी उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर जाते, आणि बाकीची इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरून रेडिएटरमार्गे रस्त्यावर सांडते.

गाडीतल्या चार माणसांना ऊब द्यायला यातला दहावा हिस्सा पुरे. तरीही डिसेंबरात मनालीच्या पुढे गेलेल्या गाडीत हमखास एक जण असा भेटतो, ज्यानं हीटरचा नॉब लाल टोकापर्यंत पिळून ठेवलेला असतो आणि झरोक्यातून त्याच्या बोटांवर गारच वारा येत असतो. चार फुटांवर एवढी आग पेटलेली आणि आत माणूस हातमोजे चढवून बसलेला! पेट्रोल-डिझेल गाडीचा हीटर स्वतः उष्णता तयार करतच नाही. इंजिनानं टाकून दिलेली उष्णता तो आत आणतो, एवढंच. त्यामुळे हीटर बिघडला म्हणजे उष्णता आटली असं होत नाही. ती वाटेत कुठेतरी अडलेली असते. ती वाट समजून घेतली की बिघाड शोधायला महागडी यंत्रं फारशी लागत नाहीत.

ज्यांनी घरात तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांना इंजिनाची रचना चटकन कळेल. मधोमध नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इंजिनात विस्तव सिलिंडरच्या आत असतो आणि ओतीव धातूतल्या पोकळ्यांमधून पाणी त्याभोवती फिरतं. ते फिरवायला एक पंप असतो. इंजिनातून तापून निघालेल्या पाण्याला दोन वाटा असतात. एक मोठी, पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरकडे. दुसरी बारीक, दोन रबरी नळ्यांची, जी इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा भेदून डॅशबोर्डच्या मागे जाते. तिथे वहीएवढा एक छोटा रेडिएटर दडलेला असतो. त्याला हीटर कोर म्हणतात, काही गॅरेजांत हीटर कॉइल. त्याच्या बारीक पन्हाळ्यांतून गरम पाणी जातं, ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती हवा तापून आपल्याकडे येते. झाला हीटर.

आता खरी गंमत. बऱ्याच गाड्यांमध्ये या छोट्या रेडिएटरमधून गरम पाणी बारा महिने फिरत असतं. त्याला बंद करणारा व्हॉल्व्हच नसतो. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ वर गेलेला, तुम्ही एसी पूर्ण जोरात लावलेला, आणि त्याच वेळी तुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर नव्वद अंशांचं पाणी खळाळत असतं. त्याच्यापासून तुम्हाला वाचवते ती फक्त प्लास्टिकची एक झडप. एसीच्या गार कॉइलवरून आलेली हवा या झडपेशी येते. झडप एका टोकाला असेल तर हवा हीटर कोरला वळसा घालून निघते, दुसऱ्या टोकाला असेल तर त्याच्यामधून जाते, आणि मध्ये असेल तर थोडी इकडून थोडी तिकडून. तापमानाचा नॉब आपण फिरवतो तेव्हा उष्णता कमी-जास्त होत नाही. गार आणि गरम हवेची वाटणी बदलते.

म्हणूनच आपल्याकडे हीटरचा बिघाड बहुधा दुसऱ्याच नावानं गॅरेजमध्ये येतो. ‘एसी थंड करत नाही, गॅस भरा.’ गॅस भरला जातो, पैसे जातात, आणि फरक पडत नाही, कारण झडप अर्धवट उघडी राहिलेली असते आणि गार हवा वाटेत तापून येत असते. याउलट मनालीला गार वारा फेकणारा हीटर बिघडलेला असतो सहा महिने आधी, सोलापूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यात. महाराष्ट्रातल्या मैदानी भागात हीटर वर्षभर कुणी लावतच नाही, त्यामुळे त्याचं काय चाललंय हे कुणाला कळत नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौल खोरं हिवाळ्यातही पर्यटकांच्या आवाक्यात आलं. एम.एच. पासिंगच्या गाड्या सिस्सूच्या बर्फात उभ्या दिसू लागल्या. मैदानात लपलेली दुखणी तिथे उघडी पडतात.

ही दुखणी कोणती, ते आपल्या गॅरेजच्या सवयींत पाहायला मिळतं. गाडी गरम होते अशी तक्रार आली की जुन्या पद्धतीचे मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. ‘आपल्याकडे त्याची गरजच नाही साहेब, थंड देशातलं काम आहे ते.’ रेडिएटर गळतो? त्यात हळद टाका. हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा खराच चालतो. हळदीचा गाळ फटीत बसतो आणि गळती थांबते. पण हळदीला फट कोणती आणि हीटर कोरची बारीक पन्हाळी कोणती हे कळत नाही. कूलंट संपलं? बोअरवेलचं पाणी ओता. त्या पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात आणि वर्ष-दोन वर्षांत सगळ्यात अरुंद वाट आधी बुजते. आणि हीटर कोर स्वतःच गळायला लागला, तर सरळ त्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडून देतात. बायपास. गाडी उत्तम चालते, मालकाला काही कळत नाही, फक्त हीटर कायमचा मेलेला असतो. मिस्त्रीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. कोर बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सुटा भाग स्वस्त आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट. जळगावातलं कोणतं गिऱ्हाईक त्यासाठी पैसे मोजेल?

थर्मोस्टॅटबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत देखणी वस्तू तीच आहे. पितळेची एक छोटी डबी, तिच्यात मेण. बस्स. वीज नाही, सेन्सर नाही, चिप नाही. मेण घन असताना आकसलेलं असतं; वितळताना त्याचं आकारमान झपाट्यानं वाढतं आणि ते एका दांड्याला बाहेर ढकलतं. दांडा झडप उघडतो. मेणाचं मिश्रण असं निवडलेलं असतं की ते बरोबर ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास वितळावं. पाणी निवलं की मेण गोठतं, स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. १९३४ मध्ये सर्जियस व्हर्ने यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि आजही जगातल्या बहुतेक गाड्यांमध्ये, लाखोंच्या संगणकीकृत गाडीतसुद्धा, इंजिनाचं तापमान राखायला मेणाचा हाच गोळा बसलेला असतो. (काही नव्या गाड्यांत त्या मेणाला विजेनं थोडी जास्तीची ऊब देऊन झडप लवकर उघडतात, पण मेण आहेच.)

इंजिन गार असतं तेव्हा थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी इंजिनातल्या इंजिनात आणि हीटर कोरमधून फिरत राहतं. म्हणजे रेडिएटरला गरम पाण्याचा थेंब मिळायच्या आधी तो हीटरला मिळतो. आता हा थर्मोस्टॅट काढून टाकला, किंवा झिजून उघडा अडकला, तर काय होईल? सकाळी पहिल्या किलोमीटरपासून सगळं पाणी पुढच्या मोठ्या रेडिएटरमधून जाणार. बाहेर उणे दहा अंशांचा वारा. इंजिन कधी पुरतं तापतच नाही. हायवेवर धावताना हीटर गार, आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की थोडा कोमट, असा उलटा अनुभव येत असेल तर संशयाची सुई थर्मोस्टॅटकडे. शिवाय पेट्रोल जास्त जातं, कारण इंजिन थंड आहे असं समजून गाडीचा संगणक जास्त इंधन देत राहतो. डॅशबोर्डवरच्या काट्यावर मात्र फार भरवसा ठेवू नये. अनेक गाड्यांत तो काटा मुद्दाम मध्यावर खिळवलेला असतो, आतलं तापमान बऱ्यापैकी खालीवर झालं तरी हलत नाही, म्हणजे मालक घाबरून फोन करत बसत नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा ओबीडी रीडर मिळतो. तो मोबाइलवर खरा आकडा दाखवतो. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवूनही आकडा साठ-पासष्टच्या वर जात नसेल, तर थर्मोस्टॅट बदलावा. सुटा भाग फारसा महाग नसतो.

पण थर्मोस्टॅटच्याही आधी पाहायची गोष्ट अगदी साधी आहे: कूलंट आहे का? इंजिन पूर्ण गार असताना बाजूच्या पांढऱ्या टाकीवरच्या दोन खुणा बघा. हीटर कोर बऱ्याचदा पाण्याच्या मार्गातल्या उंच ठिकाणी असतो, त्यामुळे कूलंट कमी झालं की पहिला उपाशी राहतो तो. इंजिन अजून ठणठणीत, काटा मध्यावर, आणि हीटर मात्र एकाएकी गार पडला, तर ती बिघाडाची पहिली चिठ्ठी समजावी. आणि हीटर गार पडतानाच काटा वर चढू लागला, तर मग गाडी तिथेच बाजूला घ्यायची. पाणी निघून गेलेलं आहे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणत ओढलेल्या चार किलोमीटरांची किंमत कधीकधी अख्ख्या इंजिनाएवढी होते.

गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळे सांगतात, पण का, ते क्वचित सांगतात. ते झाकण म्हणजे केवळ बूच नव्हे. त्यात एक स्प्रिंगची झडप असते आणि ती आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.९ ते १.१ बारनं जास्त राखते. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. समुद्रसपाटीला आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. आता या झाकणाचा हिशोब घेऊन लडाखला चला. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे; उघड्या भांड्यात तिथे पाणी ८८ अंशांना उकळतं. खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५९ मीटरवर. तिथे ८३ अंशांच्या आसपास. आणि इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडतो ८२ला! म्हणजे झाकण नसतं तर खारदुंग ला वर इंजिनातलं पाणी कामाला लागायच्या क्षणीच उकळू लागलं असतं. आत दाब आहे म्हणून ते ११० अंशांपर्यंत शांत राहतं. झाकणाची रबरी चकती कडक झाली, दाब धरेनासा झाला, की पुण्यात काहीच जाणवत नाही. घाटमाथ्यावर मात्र पाणी बुडबुडे धरतं, ओसंडून जातं आणि त्या दिवशी हीटर बंद पडतो. माणूस हीटरला दोष देतो. बिघाड असतो काही शे रुपयांच्या झाकणात. आणि गरम असताना तेच झाकण फिरवलं तर दाब एका क्षणात जातो, शंभरच्या वरचं सगळं पाणी एकदम वाफ व्हायला धावतं आणि चेहरा भाजतो.

कूलंटही अजब आहे. त्यातला मुख्य भाग इथिलीन ग्लायकॉल. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ला. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं तर? कुणालाही वाटेल, उत्तर दोघांच्या मध्ये कुठेतरी असावं. प्रत्यक्षात मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. दोन्ही रेणू एकमेकांना स्फटिकात नीट रांग लावू देत नाहीत, म्हणून दोघं मिळून दोघांच्याही पलीकडे जातात. बोअरवेलचं पाणी भरलेली गाडी काझाच्या उणे वीसच्या रात्री उभी ठेवली, तर बर्फ होताना ते पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं आणि रेडिएटर, कधी इंजिनाचा ब्लॉकसुद्धा, फोडतं. सकाळी हीटरची चौकशी करायची वेळच येत नाही. हे ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर जीवघेणं असतं. सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावं. गाडीत हीटर लावल्यावर गोडसर वास येऊ लागला, काचेवर तेलकट धुकं धरलं, पायाशी गालिचा ओला लागला, तर हीटर कोर गळतोय. आणखी एक सूचना: कूलंटचा हिरवा, लाल, निळा रंग हा त्याच्या रसायनाचा खात्रीचा पुरावा नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच घ्यावं. भलतंसलतं मिसळलं की आत चिकट गाळ तयार होऊ शकतो आणि तोही जाऊन बसतो हीटर कोरमध्येच.

आता मला सर्वांत आवडणारी तपासणी. कूलंट भरलेलं आहे, इंजिन चांगलं तापलं आहे, हीटर पूर्ण गरमवर लावलेला आहे. मग इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं (रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, त्यापासून बोटं लांब). केबिनच्या पत्र्यात शिरणाऱ्या दोन रबरी नळ्या शोधायच्या आणि हात आधी जवळ नेऊन, मग हातमोजा घालून क्षणभर टेकवून बघायच्या. दोन्ही चटका देणाऱ्या गरम असतील, तर पाण्यानं आपलं काम केलं आहे. उष्णता कोरपर्यंत आली आहे आणि अडली आहे ती हवेच्या बाजूला, म्हणजे झडप किंवा ब्लोअर. एक गरम आणि दुसरी गार असेल, तर पाणी आत शिरतंय पण पलीकडे निघत नाही. कोर तुंबला आहे किंवा वाटेतला व्हॉल्व्ह बंद अडकला आहे. दोन्ही गार असतील, तर पाणी तिथवर येतच नाही: पंप अशक्त, किंवा आत हवा अडकलेली. दोन नळ्या, एक हात, आणि डॅशबोर्ड न खोलता अर्ध्याहून अधिक निकाल.

आत अडकलेली हवा हा वेगळाच त्रास आहे. कूलंट बदलल्यानंतर लगेच हीटर बंद पडला तर बहुतेक वेळा हेच असतं. पंप पाणी ढकलू शकतो, हवेच्या फुग्याला ढकलताना तो नुसताच गरगरतो. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो, गाडी रेस केली की हीटर थोडा वेळ गरम येतो आणि इंजिन मंद चालू लागलं की पुन्हा गार. उपाय जुनाच: गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करायची, म्हणजे भरायचं तोंड सर्वांत उंच येतं, गार इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करायची, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि बुडबुडे येणं थांबेपर्यंत हळूहळू कूलंट भरत राहायचं. काही इंजिनांना हवा काढायचा वेगळा स्क्रू दिलेला असतो. पण हवा काढली तरी रोज नव्यानं तयार होत असेल, कूलंट गळती न दिसताही कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर सिलिंडरमधला वायू हेड गॅस्केट भेदून पाण्यात शिरतोय. तिथे घरगुती तपासणी संपते.

तुंबलेला कोर मात्र कधीकधी वाचतो. दोन्ही नळ्या काढून उलट्या दिशेनं, हलक्या दाबानं पाणी सोडायचं. तपकिरी गढूळ पाणी, गंजाचे कण, हळदीचा पिवळा चिखल, सगळा इतिहास बाहेर येतो. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पाइप लावायचा मोह टाळावा. आतल्या ॲल्युमिनियमच्या पन्हाळ्या फार पातळ असतात.

हवेच्या बाजूचे बिघाड त्या मानानं सरळ. वाराच येत नसेल तर आधी फ्यूज. वारा फक्त सर्वांत वरच्या वेगाला येतो आणि खालच्या वेगांना नाही, हे ब्लोअरचा रेझिस्टर जळल्याचं नेमकं लक्षण. वरच्या वेगाला वीज त्याला टाळून थेट मोटरला जाते. वारा मरतुकडा असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. पुण्यातल्या धुळीनं आणि वडाच्या पानांच्या चुऱ्यानं तो गच्च झालेला असतो. वारा जोरदार पण गार, नळ्या दोन्ही गरम, तर ती मघाचीच प्लास्टिकची झडप. साध्या गाड्यांत ती तारेनं हलते आणि तार निसटते. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत ती छोटी मोटर हलवते. तिचे प्लास्टिकचे दाते तुटले की नॉब फिरवताना डॅशबोर्डमधून टक-टक-टक असा आवाज येतो. हा आवाज ऐकला की निदान झालंच म्हणून समजा.

या सगळ्या सुखसोयीला वय फारसं नाही. सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत आणि थंड देशांतले प्रवासी फरचे कोट, मांड्यांवर जाड पांघरुणं आणि पायांखाली निखाऱ्यांच्या धातूच्या पेट्या घेऊन बसत. विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशाच्या नॅश कंपनीनं १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, गरम पाण्याच्या कोरवरून आत ढकलण्याची पद्धत आणली, त्यामुळे केबिनमधला दाब किंचित वाढतो आणि फटींतून गार वारा शिरत नाही. आज आपल्या गाडीत जे आहे त्याचं मूळ त्याच कल्पनेत आहे. कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरांत एवढ्यानं भागत नाही. नव्यानं तिकडे गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात गाड्यांच्या तोंडातून विजेची पिन लोंबकळताना दिसते आणि तो बुचकळ्यात पडतो. ती असते इंजिन रात्रभर कोमट ठेवणाऱ्या हीटरची. पार्किंगमध्ये त्यासाठी सॉकेट लावलेले असतात. पेट्रोलची गाडी, पण रात्री विजेला टांगलेली.

आपल्या घाटांत या यंत्रणेचा अगदी उलट उपयोग होतो आणि जुन्या ड्रायव्हरांना तो ठाऊक आहे. मे महिन्यात गच्च भरलेली गाडी कसारा किंवा खंबाटकी चढताना काटा लालकडे झुकू लागला, की एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण जोरात. आतले सगळे घामाघूम होतात, शिव्या देतात. पण त्या क्षणी हीटर कोर हा इंजिनाचा दुसरा रेडिएटर झालेला असतो आणि एक-दोन गिझरांची उष्णता तुमच्या पायांवर ओतून इंजिनाला वाचवत असतो. पावसाळ्यात काचेवर वाफ धरली तर एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे, हेही पुष्कळांना विचित्र वाटतं. गार कॉइलवर हवेतलं बाष्प पाणी होऊन गळून जातं, मग तीच कोरडी हवा कोरवर तापते. कोरडी आणि गरम अशी हवा काच पाच मिनिटांत लख्ख करते. तेव्हा आतली हवा आतच फिरवणारं बटण मात्र बंद हवं.

एका बाबतीत हीटर चालू असणं हाच धोका असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी प्रचंड बर्फवृष्टीत हजारो गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाड्यांमध्येच मरण पावली. त्यातल्या अनेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडनं गेल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. बर्फानं सायलेन्सरचं तोंड बुजतं, धूर गाडीखाली साचतो आणि विंडस्क्रीनच्या तळाशी असलेल्या हवेच्या तोंडातून किंवा फटींतून आत येतो. या वायूला वास नाही. बर्फात अडकलात तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ पुन्हा पुन्हा उकरायचा, इंजिन थोडा वेळच चालवायचं, एक काच बोटभर खाली ठेवायची आणि इंजिन चालू असताना सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही.

आणि विजेची गाडी? तिथे तर आगच नाही, त्यामुळे फुकटची उष्णताही नाही. मोटर नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांना देते, आणि हेच तिचं कौतुक हिवाळ्यात अंगावर येतं. ऊब बॅटरीतूनच काढावी लागते. बऱ्याच गाड्यांत बेरियम टायटेनेटच्या सिरॅमिकच्या पट्ट्या असतात. या पदार्थाचा गुण असा की तो ठराविक तापमानाच्या वर गेला की त्याचा विजेला होणारा विरोध एकदम वाढतो, म्हणजे तो स्वतःच स्वतःला आवरतो आणि पेट घेत नाही. दुसरा मार्ग हीट पंपाचा, २०१३च्या निसान लीफमध्ये आला तसा. उणे दहा अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. तिच्यापेक्षाही गार केलेला वायू ती शोषतो, मग त्याला दाबून तापवतात आणि ती केबिनमध्ये सोडतात. खर्चलेल्या एका युनिटमागे दोन-अडीच युनिटांची ऊब मिळू शकते. बाहेर जितकी थंडी जास्त तितका हा फायदा आटत जातो. केबिन तापवायला सुरुवातीला तीन-चार किलोवॅट लागतात, सीट तापवायला शंभर वॅटच्या आत भागतं. म्हणून नॉर्वेतले लोक लांबच्या प्रवासात हवा कमी आणि सीट जास्त तापवतात.

अशी गाडी ऊब देईनाशी झाली तर आधी बॅटरी किती उरली आहे ते पाहावं, कारण चार्ज फार कमी झाला की गाडी स्वतःच हीटरवर कात्री चालवते. ते नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठावं. दोन नळ्यांना हात लावून निकाल लावायची सोय इथे नाही. बॉनेटखाली दिसणाऱ्या नारिंगी वेष्टनाच्या तारांमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि त्यांना हात लावायचा नसतो.